आंद्रीच्या भावाची लीग

२४ फेब्रुवारी २०२२, गुरु.
सकाळी साइटवर आमच्या मैदानांचं गवत सांभाळणारा आंद्री गवतात उभा, फोन कानाला, स्प्रिंकलर चालू, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्याच्या युक्रेनवर हल्ला झालाय. धाकटा भाऊ तारास तिथल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये गोलकीपर. टीम तुर्कस्तानच्या कॅम्पहून परवाच घरी परतली. तारासचा गुडघा दुखत होता, त्याला मागे राहून उपचार घ्यायचे होते. "मीच ओरडलो. म्हटलं, टीममधली जागा गेली की गेली, गुमान परत जा." हेच परत परत. चहा दिला.

२५ फेब्रु., शुक्र.
शिफ्ट मी लावते, म्हणून आंद्रीनं तारासच्या सगळ्या मॅच माझ्या फोनमध्ये टाकून ठेवल्यात. त्या वेळी त्याला ड्यूटी नको. आज घरी जेवताना फोन वाजला : तारासची मॅच, एका तासात. शिरीष म्हणाला, "पुसून टाक ना." पुसवेना. लीग थांबलीय, मला कळतं. तरी तासाभरानं घड्याळ बघितलंच.

१२ मार्च, शनि.
परत वाजला. तारासचा फोन लागत नाही. मॅचच्या वेळेला आंद्री आता काम मागून घेतो. अझीझियाच्या आमच्या रिकाम्या मैदानात गोलपोस्टाशी बसून गवत चाचपतो. नोव्हेंबरात वर्ल्ड कपच्या टीम इथे सराव करणार. साहेब खूश, काय मन लावून काम करतो! मला त्याच्याकडे बघून भीती वाटते.

२७ एप्रिल, बुध.
लीग संपल्याचं जाहीर. विजेता कोणी नाही, गुणतक्ता अर्ध्यावरच. आंद्री : "खलास. मी जातो त्याला शोधायला." आत शिरला की बाहेर सोडणार नाहीत, पुरुषांना देश सोडायला बंदी. सांगून बघितलं, भांडले. वर्ल्ड कप तोंडावर, असा माणूस कुठून आणू, असंही बोलून गेले. शी.

६ मे, शुक्र.
ईदची सुट्टी. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी जेवून आंद्री परस्पर विमानाला. वरण-भात, बटाट्याची भाजी, तिखट बेतानं. निघताना हातावर दही घातलं. "हे कशाला?" "परत येण्यासाठी." हात चाटूनपुसून साफ केला बाबानं.

लिफ्ट खाली गेली आणि केर काढायचा रोबो आपोआप सुरू झाला. शुक्रवार दुपारची वेळ मीच लावलेली! माणूस प्रवासाला निघाला की लगेच केर काढत नाहीत आमच्यात. तसा केर कुणाच्या मागे काढतात ते माहीत आहे. धावत जाऊन बंद केला, तोवर दाराशी पडलेली त्याच्या बुटांची वाळू ओढून नेलीही. इंजिनियर बाई मी, असल्यावर विश्वास नाही माझा. डबा उघडून वाळू परत दाराशी टाकली. शिरीष बघत होता.

१४ मे, शनि.
पोलंडच्या सीमेवरून आंद्रीचा मेसेज आला होता, "आत जातोय." मग काही नाही.
फोन वाजला. रद्द झालेल्या मॅचचा. ईरा : "मम्मा, इज ही प्लेइंग?" कोण, ते मी विचारलं नाही.

२ ऑक्टो., रवि.
थंडीतलं गवत पेरलं. आंद्रीच्या जागी आलेला बरा आहे. आज त्याला चुकून "आंद्री" अशी हाक गेली. त्यानं ओ दिली. फार लागलं.

१७ नोव्हेंबर, गुरु.
पहिली पाहुणी टीम आमच्या मैदानावर. गवताचं कौतुक, फोटो. तेवढ्यात अनोळखी नंबर. "मी तारास."

जिवंत आहे! गावात अडकला होता, फोन नाही, वीज नाही. आंद्रीनंच शोधून काढलं, आईपाशी नेलं. रडूच फुटलं मला. कसा आहेस, गुडघा कसा आहे, काहीबाही विचारत सुटले.

"बराय. आंद्रीला जरा फोन देता? सप्टेंबरात तुमच्याकडे यायला निघाला. सीमा कशीतरी पार करतो म्हणाला. तेव्हापासून फोन नाही. आई म्हणते, वर्ल्ड कपच्या गडबडीत असेल."

समोर पाहुण्या टीमचा गोलकीपर उड्या मारत होता.

"एक मिनिट हं," म्हणाले मी.