दोरीवरचा इतिहास

५ फेब्रुवारी, सोमवार
शाळेत शिक्षक म्हणून लागलो त्याच दिवशी रोजनिशी सुरू करायचं ठरवलं होतं. आज तीन महिने झाले. याला आळस म्हणता येणार नाही. लिहिण्यासारखं काही घडायला तर हवं! नववी-ब च्या इतिहासाच्या सरांनी मुलांना 'रोजनिशी हा मोठा पुरावा असतो, लिहीत जा' असं सांगितलं आणि मीही आजच वही विकत आणली, हा निव्वळ योगायोग.

या सरांना मी मनात दोरीवाला म्हणतो. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलीय आणि तिच्यावर चिमटे लावून कार्डं टांगलीयत. छापखाना, वाफेचं इंजिन, फ्रेंच राज्यक्रांती, पहिलं महायुद्ध, सगळं सालवार. कपडे वाळत घालावेत तसा इतिहास वाळत घातलाय. त्यात काय एवढं? तरी पोरं मधल्या सुट्टीतही माना वर करून उभी. आवाज म्हणाल तर तिसऱ्या बाकापर्यंत पोचला तर नशीब. शाळा सुटली की पाच-सहा मुलं त्याला फाटकापर्यंत सोडायला जातात. मला असलं आवडत नाही. मी मागच्या दारानं जातो.

मोठ्या बाईंनी आज आम्हा दोघांनाही बोलावलं. मी नववी-अ ला इतिहास शिकवतो, तो ब ला, आणि दोघंही टेम्पररी. पुढच्या टर्मला जागा एकच. शुक्रवारी त्या आमच्या दोघांच्याही तासाला मागे बसणार. ज्याचा तास चांगला, तो राहणार. मी दोरीवाल्याकडे दयेनं पाहिलं.

संकल्प: पहाटे पाचला उठून धडा वाचणे. विषय सोडून बोलणे बंद. दोरीवाल्याचा विचार तर पूर्ण बंद.

६ फेब्रुवारी, मंगळवार
उठलो पावणेआठला. अलार्म वाजला असणार, पण मी दोरीवाल्याचा विचार करत उशिरा झोपलो होतो.

चहा देता देता मावशीचं सुरू. म्हणे, अरे भटक्या, ही तुझी आठवी नोकरी. फोटो स्टुडिओ सोडलास, बेकरी सोडलीस, बोटीवरून तर पळून आलास. आता इथून सुटलास तर गादी गुंडाळूनच सूट. मी म्हटलं, पळून नाही आलो, समुद्राचं आणि माझं जमलं नाही. म्हणाली, बोटीवर शिकलास ती गाठ तेवढी कामाला आली. सहा महिने झाले, कपड्यांची दोरी सुटलेली नाही. तुझं टिकलेलं काम तेवढं एकच.

वर्गात पहिलं महायुद्ध काढलं. धड्यात जहाजं आली, म्हणून माझी बोट सांगितली. बोट आली म्हणून गाठ आली. दोन वेढे, मग उलटा फास, ओढाल तितकी घट्ट. बेचाळीसच्या बेचाळीस पोरांनी बुटाच्या नाड्यांवर बांधून पाहिली. घंटा झाली. युद्ध राहिलं. पण संकल्प मोडला असं नाही. गाठसुद्धा कोणीतरी कधीतरी शोधलीच असेल ना? म्हणजे इतिहासच.

दुपारी ब मधली एक मुलगी दोरीवाल्याकडे काहीतरी विचारायला स्टाफरूममध्ये आली. ही पक्की शंकासुर. हा चक्क म्हणतो, मला माहीत नाही, आपण शोधू या. शिक्षक असून! आणि ती उड्या मारत गेली. मी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. माझ्याकडे कोणी उड्या मारत नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार
मधली सुट्टी. ब चा वर्ग रिकामा. सगळी ग्राउंडवर. नुसतं बघायला आत गेलो. मग सुचलं, राज्यक्रांती महायुद्धानंतर टांगली तर? शुक्रवारी मोठ्या बाईंसमोर हा तोंडावर पडेल. यात जळणं वगैरे काही नाही. मोठ्या बाईंना खरी परिस्थिती कळायला हवी.

बाकावर चढलो. कार्ड ओढलं, तर दोरीच तुटली. कार्डं जमिनीवर, चिमटे बाकांखाली. दाराकडे बघत बघत दोरी बांधली, हाताला येतील तशी कार्डं टांगली, खाली उतरलो. कोणीही पाहिलं नाही.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. हवा बदलतेय.

८ फेब्रुवारी, गुरुवार
वाटलं, दोरीवाला आरडाओरडा करेल. कसलं काय! कार्डं नीटसुद्धा लावली नाहीत. मुलांना म्हणाला, कोणीतरी इतिहास हलवलाय. कधी, कसा, कोणी, ते शोधा. आधी पुरावा, मग नाव. झालं! पोरं बाकावरच्या बुटाच्या ठशाची लांबी मोजतायत, गाठीचं चित्र काढतायत.

शंकासुर ते चित्र घेऊन माझ्या वर्गात आली. ही गाठ ओळखता का, म्हणून एकेकाला विचारलं. बेचाळीस माना नकारार्थी हलल्या. दोन दिवसांत विसरली! पहिल्या बाकावरच्या मुलीनं तर पाय घाईघाईनं बाकाखाली घेतले. बूट फाटका असेल बिचारीचा.

शाळा सुटल्यावर मागच्या दाराशी माझी चार मुलं उभी. कोपऱ्यापर्यंत सोबत आली. शेवटी एक म्हणाली, सर, उद्या धडाच घ्या हं. नक्की. उद्या मी जिंकणार हे पोरांनाही कळलंय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६
उठलो! धडा वाचला. जवळजवळ निम्मा. निघतो.

१०.४०, स्टाफरूम
घाईत डबा घरीच राहिला. हरकत नाही. पलीकडे ब चा तास चालू आहे, मोठ्या बाई मागच्या बाकावर. मघापासून हसण्याचा आवाज येतोय, त्यात मोठ्या बाईंचाही. त्या सहसा हसत नाहीत, म्हणजे फजिती जंगी असणार. यानंतर माझा तास. पर्मनंट झालो की दोरीवाल्याला दुसरीकडे लागायला शिफारसपत्र देईन. मन मोठं ठेवावं.

११.०५
आत्ताच शिपाईकाका सांगून गेले. मावशी आलीय. तीन महिन्यांत जिनं शाळेची पायरी चढली नव्हती, ती डबा घेऊन आलीय. फाटकाशी 'इतिहासाचे सर कुठे' विचारलं, तर पोरांनी सरळ ब मध्ये नेऊन सोडलं. डबा कुठाय, मी विचारलं. काका म्हणाले, डबा मोठ्या बाईंच्या पुढ्यात आहे. मावशी दोरीखाली उभी आहे. गाठ हातात धरून कौतुकानं सगळ्यांना सांगतेय, ही तर आमच्या भटक्याची, अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कोणाला येत नाही.