कमी डिझेल, जास्त ॲव्हरेज

२५ ऑक्टोबर, सकाळ
दिवाळी आटोपली. हिमांशू बंगलोरला परत गेला. जाताना माझ्या मनगटाला घड्याळ बांधून गेला. वेळ सांगणे हे त्याचं जोडकाम, मुख्य काम बापाच्या नाडीवर पाळत ठेवणे. चिरंजीव असल्या घड्याळांतल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आहेत. नेमकं काय करतोस, विचारलं. म्हणतो, बाबूजी, जागा वाचवायला एका चिपवर दुसरी, तिच्यावर तिसरी रचतो. म्हणजे थप्पी लावतो! इंजिनिअरिंगची फी यासाठी भरली. आमच्या राइस मिलचा हमाल खुशाल चौथी नापास आहे. पोत्यांची थप्पी छताला लावतो, हलत नाही. म्हटलं, खालची गरम होत असेल. मग म्हणतो, तेच तर टेन्शन आहे, अख्खी टीम त्याच्यावर बसली आहे. टीम! ओल्या धानाच्या थप्पीत खालच्या पोत्यात हात घातला की चटका बसतो, लगेच कळतं.
घड्याळ मिलच्या ऑफिसात खुंटीला टांगलं.

२७ ऑक्टोबर
बायको रुख्मा घड्याळ खुंटीवरून काढून घेऊन आली. पोरानं एवढ्या दुरून आणलं, काऊन घालत नाही जी, म्हणाली. घातलं. ठोके ४४. बायकोला बांधलं, ७८. खुशाल ७२. पलीकडच्या मिलचा दुर्गाप्रसाद फुकटचा चहा प्यायला आला होता, त्याला बांधलं. ९६! बसल्या जागी मोपेडसारखा फटफट करून राहिला बिचारा.
मी पोती वाहून मिलमालक झालो. मिलचं माझं पहिलं डिझेल इंजिन जुनं, अवजड. ठुक… ठुक… दोन ठोक्यांच्या मधे माणूस तंबाखू मळून घेईल. पण कधी दगा दिला नाही. माझं शरीर त्याच जातीचं. ठोके कमी म्हणजे डिझेल कमी, ॲव्हरेज जास्त.
उद्यापासून रोज पहाटे फिरणे. तिरोडा रोडने.

२८ ऑक्टोबर
धुकं होतं.

२९ ऑक्टोबर
गेलो. नाक्यापर्यंत. दम लागला नाही, ओळखीचे लोक भेटले म्हणून बसलो.

३ नोव्हेंबर, बाजाराचा दिवस
घड्याळ थरथरलं. ‘लो हार्ट रेट’. ४०. मशीनलासुद्धा नवल वाटतं! बाजारभर दाखवत हिंडलो. भाजीवाली सुशिलाबाई म्हणते, एवढेच? मंग तुमी जित्ते आहा का नाई जी? अडाणी बाई. वांगी मात्र चांगली देते.
संध्याकाळी मिलच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कोंड्याची धूळ. पंखा बसवणे.

६ नोव्हेंबर
हिमांशूचा फोन. माझे ठोके त्याच्या मोबाइलवर दिसतात म्हणे. बाबूजी, आजच डॉक्टरकडे जा. विचारलं, तुझे किती? ८२. म्हटलं, मग आधी तू जा.
रुख्मा रडली. बायकांना इंजिनातलं कळत नाही.
घड्याळ दिवसभर कटकट करतं. पुन्हा खुंटीला. महिनाअखेर ठोके ३५ वर आणायचे, मग दाखवतो सगळ्यांना.

१० नोव्हेंबर
नव्या धानाच्या गाड्या लागल्या. थप्पीपाशी उभा होतो. अचानक मिल बंद पडली. एकदम शांत. खुशालला शिवी हासडली, कायले बंद केली रे? तर तो वरून वाकून बघून राहिला, आणि मी पोत्यांवर आडवा. मिल चालूच होती म्हणे. मधे मी किती वेळ पडून होतो, कोणी नीट सांगत नाही.
मी खाटेवर पडल्या पडल्या सांगतो कोणतं बेअरिंग कोरडं आहे. माझे कान चुकत नाहीत. खुशाल खोटं बोलतो.

११ नोव्हेंबर
दुर्गाप्रसादने जबरदस्तीने गोंदियाला नेलं. गाडीही ९६ नेच हाकतो. डॉक्टर कालचा पोरगा, हाताला तसलंच घड्याळ. त्याला ॲव्हरेजचं समजावलं. त्याने पूर्ण ऐकलं, छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली. म्हणाला, काका, इंजिन हळू नाही, मधे मधे बंद पडून राहिलं. एखाद दिवशी सुरू होणार नाही.
रुख्मा पदर तोंडाशी धरून बसली होती. सेकंड ओपिनियन घेणे.

१९ नोव्हेंबर, नागपूर
सेकंड ओपिनियन तेच. काल जांघेतून नळी घालून थेट हृदयात पेसमेकर बसवला. औषधाच्या कॅप्सूलएवढा. ठोके ६० च्या खाली जाऊ देत नाही. साठ! खुशालच्या पंगतीत येऊन बसलो. दुर्गाप्रसाद भेटायला आला होता, आकडा सांगितला नाही.
हिमांशू विमानाने आला. म्हणतो, एवढ्याशा जागेत हे सगळं मावतं ते चिपवर चिप रचली म्हणूनच. खालची गरम तर होत नाही ना, विचारलं. नाही बाबूजी, म्हणाला, आणि माझं मनगट धरून बसला. घड्याळासारखंच.
रुख्मा आज पहिल्यांदा हसली. म्हणाली, आता हे बी काढून टांगा ना जी खुंटीला.