आई मागच्या गाडीत नव्हती

सलालीदादा,

आपल्या चेरोकी लोकांची जमीन सरकारला देणाऱ्या करारावर तू सही केलीस आणि आमच्या आधीच इकडे पश्चिमेला निघून आलास. आम्हाला मात्र शिपायांनी संगिनी रोखून घराबाहेर काढलं. जॉर्जियातली आपली पीचची बाग आता कुणा गोऱ्याची झाली. हे तुला ठाऊक असेल. आईचं ठाऊक नाही.

मिसिसिपीच्या काठी बर्फामुळे आम्ही अडकून पडलो होतो. तिथे बायका तुला शिव्याशाप द्यायच्या. आई म्हणायची, "माझ्या पोटचा आहे तो. काय बोलायचं ते मला बोला." खोकला छातीत उतरला तेव्हा तिनं मला जवळ ओढलं. "त्याला वाटलं, जमीन दिली तर माणसं तरी वाचतील. पोचलीस की आधी त्याच्याकडे जेवायला जा." सकाळी ती उठलीच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तू घोंगडी घेऊन उभा होतास. "आई मागच्या गाडीत आहे का गं?" तू एकेक गाडी बघत शेवटपर्यंत गेलास. कुणीही तुझ्याशी बोललं नाही. परत येऊन तू ती घोंगडी माझ्या खांद्यांवर घातलीस आणि काही न विचारता निघून गेलास.

तुझ्या घराचा धूर माझ्या दारातून दिसतो. दोनदा कुंपणापर्यंत येऊन मी माघारी फिरले. आईनं तुला माफ केलं होतं, दादा. मला ते जमत नाही, म्हणून हे पत्र मी धाडणार नाही. आणि तुझ्याशिवाय आता मला कुणी उरलंही नाही.

तुझ्याच पाठची,
वलेला