मधल्या टिनावरचा गोटा

बाबा, काल मी अंजनगावजवळच्या एका खेड्यात वादळावर बोलून आले. माझी नोकरीच आहे ती. ऊन तापायला लागलं की गावोगावी जायचं, समाजमंदिरात माणसं जमवायची आणि वादळ आलं तर काय करायचं ते सांगायचं. वरून आम्हाला एक चित्रफीत मिळते. तिच्यात सगळी समुद्राकाठची जुनी वादळं, हजारोंनी माणसं नेलेली. त्यांना नावं आहेत, नकाशे आहेत. लोक बघतात, च्च च्च करतात आणि पुन्हा तंबाखू मळायला लागतात, कारण समुद्र इथून लांब आहे. मग मी चित्रफीत बंद करते आणि आपल्या घरचं सांगते. आपल्या वादळाला नाव नव्हतं. अर्धा तास चाललं आणि आई गेली.

अकोटच्या अलीकडचं आपलं दोन खोल्यांचं घर, वर टीन. टिनाला हूक आणि नट-बोल्ट लावायचे असतात, पण तेव्हा गावात कोण लावत होतं! नाल्यातले काळे गोटे आणून वर ठेवले की झालं. तुमचा मात्र एक नियम होता. तुम्ही शिडीवर उभे आहात, मी खालून गोटे देतेय, आणि तुम्ही सांगताय, "गोटा भितीच्या वरतंच ठेवा लागते माय. मधात ठेवला अन् टीन उचललं, त सिधा खाली येते." बारा वर्षांची होते मी. नीट ऐकलं होतं. लहान होते, कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

त्या वैशाखात आईचं डोकं फार दुखायचं. तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेलेले, ती कपाळाला ओला फडका बांधून पडलेली, आणि वर मधलं टीन वाऱ्यानं धडधड वाजतंय. "त्या टिनाचं काई करता आलं असतं त बरं झालं असतं वो," ती म्हणाली. मी शिडी लावली, मला पेलेल एवढा एक गोटा उचलला आणि मधल्या टिनावर ठेवला. आवाज थांबला. आतून आई म्हणाली, "आता कसं बरं वाटून राह्यलं." इतका आनंद झाला होता मला! तुम्ही आलात की सांगायचं ठरवलं, पण तुम्ही रागावाल म्हणून उद्यावर ढकललं. असे आठ दिवस गेले.

वादळ दुपारी चारला आलं. तुम्ही नुकतेच घरी पोचला होतात. बाहेर मातीचा लोट, समोरचं घर दिसेना. तुम्ही दार पाठीनं दाबून धरलंय, आई माझ्यासमोर गुडघ्यात मान घालून बसलीय. टीन एकदा उचललं आणि आपटलं. दुसऱ्यांदा उचललं ते गेलंच. वर एकदम आभाळ दिसलं. खाली पाहिलं तर आई आडवी झाली होती आणि तिच्या डोक्याशेजारी गोटा पडला होता, मला पेलेल एवढा. अकोटला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पंचनाम्याला तलाठी आले. गोटे कोणी ठेवले होते, असं त्यांनी विचारलं. "म्याच ठेवले साहेब. एखांदा घसरला असन मधात," तुम्ही म्हणालात. तेराव्याला मामा सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "माही बहीण तुमच्या बेफिकिरीनं गेली." तुम्ही मान वर केली नाही. मी पाणी वाटत होते. तांब्या घेऊन पुढच्या माणसाकडे गेले. त्यानंतर तुम्ही अंजनगावात, आईच्या माहेरी, पाऊल ठेवलं नाही. तिकडची लग्नं असली की मला एकटीला बसमध्ये बसवून द्यायचात.

आणि ते अमरावतीचे दिवस, दवाखान्यातले शेवटचे. तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "माय, म्या त सारे गोटे भितीवरच ठेवले होते ना? तू देत होती खालून. तुले याद असन." एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "आता कशाला तो विषय, बाबा? पडून राहा." नर्स म्हणाली, किती जीव लावते मुलगी. जीव लावणं नव्हतं ते. मला तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. तुम्ही तसेच गेलात, आपल्याच हातानं बायको गेली असं समजून.

गावोगावी मी सांगते ती गोष्टही तुमचीच असते. "माझ्या वडिलांनी टिनावर गोटे ठेवले होते," इथून सुरू करते. लोक तंबाखू मळायचे थांबतात, बाया पदर डोळ्याला लावतात, चार घरांचे गोटे दुसऱ्या दिवशी खाली उतरतात. उपयोग होतो, असं मी स्वतःला बजावते. खरं सांगितलं तरी गोटे उतरतीलच की. पण मग सगळे माझ्याकडे बघतील.

काल पहिल्याच ओळीत मामा बसले होते. थकलेत आता, काठी लागते, पण भाचीचं भाषण आहे म्हणून मुद्दाम रिक्षा करून आले. माझं बोलणं संपल्यावर काठी टेकत उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, "आमचे जवाई लय बेफिकीर मानूस होते. पोरगी सोता सांगून राह्यली." मग माझ्याकडे वळले. "हो ना माय?"

मी हो म्हणाले, बाबा.