डंकनच्या मुलीस रुळांचा फाटा

शाळामास्तर श्री. मिल्न यांनी आपल्या ग्रामवृत्तान्तात असे छापले आहे की, माझा धाकटा भाऊ डंकन याची व्हिस्कीची भट्टी झऱ्याचे पाणी आटल्यामुळे बंद पडली. वाक्य निर्दोष आहे. विधान खोटे आहे. झरा आजही वाहतो. म्हणून मी, हेक्टर डालगार्नो, वय एक्क्याऐंशी, राहणार क्रेगलारी, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाविना, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

१. माझी भट्टी, तांब्याची दोन्ही पात्रे व कोठारे मुलगा जॉर्ज यास द्यावीत.

२. भट्टीपासून स्टेशनापर्यंतचा रुळांचा फाटा, खालच्या जमिनीसह, डंकनची मुलगी एल्स्पेथ हिला द्यावा. तो चालू ठेवावा की उखडावा, हे तिने ठरवावे. जॉर्ज कालपासून म्हणतो आहे, "बाबा, रूळच नसतील तर भट्टी घेऊन काय करू? पिंपं खांद्यावर नेऊ?" त्याने तिच्याकडे जावे आणि टोपी काढून विचारावे.

३. म्हातारा गाडीवान टॅम यास त्याचे गिरमिट परत करावे. बंदराच्या वाटेवर पिंपाला भोक पाडून तो पोकळ काडीने व्हिस्की ओढत असे. पकडला तेव्हा म्हणाला, "मालक, पिंपच गळकं आहे." रेल्वे आली आणि त्याच्यासह सर्व गाडीवानांनी घोडे विकले. नदीपलीकडच्या डंकनची पिंपे दारातच राहिली.

४. हे कलम दोनदा खोडले. आता खोडणार नाही. रूळ कोणत्या काठाने न्यावेत, याचा विचार चालू असता डंकन मजकडे आला.

"दादा, काही कळलं का?"

"अजून काहीच ठरलेलं नाही."

"मग दुसरं तांब्याचं पात्र बसवू ना? गाडी आली तर माल कमी पडायचा."

"बसव की."

त्याने बसवले.

सही: हेक्टर डालगार्नो
साक्षीदार: जेनेट गेडिस, घरकाम पाहणारी; अँगस शँड, पिंपे बांधणारा
क्रेगलारी, ७ नोव्हेंबर १८९८

सहीनंतर, साक्षीदारांसमक्ष जोडलेले. श्री. मिल्न यांच्या तारखा अशा सुधाराव्यात:

पहिली गाडी: १ जुलै नव्हे, ३ जुलै १८६३.

डंकनच्या भट्टीचा विस्तव विझला: १८७१ नव्हे, ९ मार्च १८६६.

डंकन मजकडे विचारावयास आला: नोंद नाही. गुरुवार, १४ फेब्रुवारी १८६१.

स्टेशन माझ्या काठावर व्हावे, या अटीवर मी कुरण रेल्वेला फुकट लिहून दिले: मे महिन्यात नव्हे. सोमवार, ११ फेब्रुवारी १८६१.