बादली आधी, यमक नंतर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच; प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील). गुडघा कसा आहे? वरचा मजला पसंत केला म्हणून भाऊजींच्या नावाने अजून बोटं मोडतेस का? माझी तब्येत उत्तम आहे आणि तुझं पत्र वाचूनही उत्तमच राहिली, हे आधी सांगतो.

तू लिहितेस, एकाहत्तराव्या वर्षी कॉलेजात नाव घातलंस तेवढा तमाशा पुरे, आता त्या कंपनीत शिकाऊ म्हणून जाणं बंद कर, लोक हसतात. हसू देत. मी जाणार. शेवटच्या वर्षाला आता इंटर्नशिप सक्तीची आहे. दोन महिने खऱ्या कामावर काढल्याचा दाखला नसेल तर पदवी नाही, आणि या खेपेला मी पदवी घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही. (आपल्या वेळी याला उमेदवारी म्हणत आणि करणाऱ्याला टपल्या मिळत. आता ओळखपत्र मिळतं. माझ्या फोटोखाली 'नवोदित' असं छापलंय. ते गळ्यात घालून मी दूध आणायलाही जातो.)

कपडे धुण्याच्या यंत्रासोबत जी माहितीपुस्तिका येते आणि जी कोणी वाचत नाही, ती आम्ही लिहितो. आता तू भांडी घासायचीस आणि मी उंबऱ्यावर बसून शाळेतल्या कविता म्हणायचो, ते आठव. एक शब्द चुकला की तू पाठमोरीच दुरुस्त करायचीस. त्या कविता आजही पाठ आहेत, का तर त्यांना चाल होती. मग सूचनांनाच चाल दिली तर लोक त्या जन्मात विसरणार नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं. यंत्राच्या तळाशी कचरा अडवणारी जाळी असते, ती साफ करण्याचं प्रकरण मी असं लिहिलं:

फिरवा झाकण, काढा जाळी, धुवा तिला निवांत;
त्याआधी पण पाणी सोडा बादलीत हो शांत.

मी स्वतःवर इतका खूश झालो की डबा खायचा विसरलो. पण आमच्या विभागप्रमुख बाईंचा (वय पंचवीस, पण बघतात आपल्या गणिताच्या मास्तरांसारखं) एक नियम आहे. ज्याने लिहिलं त्यानेच पुस्तिका हातात धरायची आणि सगळ्यांसमोर, लिहिलंय तेवढंच, लिहिलंय त्याच क्रमाने, यंत्रावर करून दाखवायचं. मी खड्या आवाजात पहिली ओळ म्हटली आणि झाकण फिरवलं. पाणी आधी माझ्या बुटात गेलं, मग टेबलांखालून फिरत छापून आलेल्या पुस्तिकांच्या खोक्यात. बाईंनी विचारलं, "काका, बादली कुठाय?" मी म्हणालो, "दुसऱ्या ओळीत."

त्या ओरडल्या नाहीत. हातात पोछा दिला आणि म्हणाल्या, "पुसून झालं की परत लिहा." ताई, गोदामात मी अडतीस वर्षं मुख्य होतो, तिथे माझं चुकलं तरी सगळे "बरोबर साहेब" म्हणायचे. चूक दाखवून परत करायला लावणारं माणूस तुझ्यानंतर मला आत्ता भेटलं. नऊ वेळा लिहिलं. आता पहिलं वाक्य असं आहे: 'खाली बादली ठेवा.' यमक नाही, काही नाही. माझ्या मते मी आयुष्यात लिहिलेली ही सगळ्यात चांगली ओळ आहे. वाद घालायचा असेल तर इथे ये.

शेजारच्या टेबलावर दुसरी शिकाऊ बसते, एकोणीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकाचा फोन वाजला की तिला तहान लागायची आणि ती पाण्याला पळायची. परवा तिने एका गिऱ्हाइकाला ठणकावलं, "आधी बादली ठेवा, मग माझ्याशी भांडा." वर्गात तीन वर्षांत जिचा आवाज कोणी ऐकला नाही, तिचा इथे सहा आठवड्यांत फुटला. आणि तू विचारतेस, तिथे शिकण्यासारखं काय आहे.

माझं कॉलेज आबांच्या आजारपणात सुटलं, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण तेव्हा मी मुकाट्याने घरी आलो होतो. आता मुकाट बसणार नाही. शेवटच्या दिवसापर्यंत जाईन आणि त्यासाठी मला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

तुझा (न ऐकणारा) भाऊ

ता. क. सोबत एक अर्ज आहे. दाखल्याआधी कॉलेजला पालकांचं संमतिपत्र लागतं. कारकुनाला म्हटलं, अहो, मी स्वतः आजोबा आहे. तो म्हणाला, "रकाना रिकामा चालत नाही. घरात तुमच्याहून मोठं कोणी?" तूच उरली आहेस. फुली मारली आहे तिथे सही कर. शुक्रवारच्या आत पोचला नाही तर हेही वर्ष गेलं.

दुसरा ता. क. मी कसली पालक, असं म्हणू नकोस. रागावून पाठवलेल्या पाकिटावरही तू माझ्या नावाआधी 'चिरंजीव' लिहिलं आहेस. आणि तेव्हा कॉलेजातून माझं नाव काढण्याच्या अर्जावर, याच रकान्यात, आबांच्या जागी तूच सही केली होतीस. तुझ्या डोळ्यांतलं पाणी पडून ती फिसकटली होती. या वेळी आधी डोळे पूस, मग सही कर. क्रम महत्त्वाचा असतो.