कार्डावरचा पांढरा डाग

मंगळवार, भर मे. अकोला

डोकं तापून आहे. माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत बसत नाही म्हणे! अमरावतीच्या दुकानदारानं ते उलटं करून पांढरा डाग दाखवला. "पाण्याचे क्षार हायेत भाऊ. कंपनी याले हातबी नाई लावत."

पाणी कूलरचं, दुसरं कुठलं? लग्नाचे व्हिडिओ एडिट करताना कार्ड तापून बंद पडत होतं, म्हणून मी कॅबिनेटचं झाकण काढून कूलर त्याच्याकडे केला. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच कूलरसमोर बसतात. विकताना हाच दुकानदार म्हणाला होता, "कार्डाले तीन पंखे हायेत, बेफिकीर राहा." ओली हवा चालत नाही, हे तेव्हा काहून नाही सांगितलं? याच्या दुकानात एसी, याला काय!

आता नवं घेऊ तं कोणतं? एक कंपनी म्हणते आमचं थंड राहते, दुसरी म्हणते आमची वॉरंटी मोठी. पांढरा डाग दोघींनाही चालत नाही. यांनी कधी अकोल्यात मे काढला का?

घरी आलो तं बाबा घामानं चिंब, पेपरनं वारा घेत बसलेले. आणि कूलर माझ्या उघड्या कॅबिनेटकडे तोंड करून सुरू! मी ओरडलोच, "तिकडे काहून लावला?"

"तू नवं कार्ड आणशीन म्हटलं," बाबा म्हणाले. "जागा थंडी करून ठेवली."

मी कूलर त्यांच्याकडे फिरवला. एवढ्या रागात, की अर्धं पाणी फरशीवर.